मिठातलं क्लोराइड

रक्तदाबामुळे डॉक्टरांनी माझं मीठ कमी केलं. त्या दिवशी अळणी आमटी मी नाखुशीनेच ओरपत होतो, तेव्हा प्रयोगशाळेत काम करणारी माझी मुलगी मुग्धा म्हणाली, "बाबा, रक्तदाब वाढवणारं एक एन्झाइम आज नळीत ढिम्म बसून होतं. क्लोराइड घातलं, तसं लगेच कामाला लागलं."

"म्हणजे मिठातलंच ना?"

"हो. ते नुसतं जाऊन चिकटतं, मग ज्या रेणूवर एन्झाइम काम करतं, त्याच्यावरची त्याची पकड घट्ट होते."

"मग अळणी खाल्लं की ते थांबेल?"

ती हसली. "छे! रक्तात क्लोराइड भरपूर असतं. आणि ते एन्झाइम पार थांबलं, तर रक्तदाब इतका उतरेल, की उठताच चक्कर येईल तुम्हाला."

मी मनगटावर बोटं ठेवली. ज्या रक्तदाबावर सकाळपासून चिडलो होतो, तोच मला उभं धरून होता.