पेजेचा महिना

पेजेचा वास आला की माझा मूर्खपणा आठवतो. सासूबाईंच्या खुब्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा डॉक्टरांनी बजावलं होतं, रोज चालवा, मासे-अंडी खायला घाला, नाहीतर पायांतलं बळ जाईल. पण मी पडले आदर्श सून. महिनाभर त्यांना खाटेवरून हलू दिलं नाही आणि आजाऱ्याला मासे कसले, म्हणून तिन्ही त्रिकाळ पेज भरवली. मांड्या पार काटकुळ्या झाल्या. एका सकाळी पडवीतून मासळीवालीची हाक आली, तशा त्या वॉकर धरून लटपटत निघाल्या आणि टोपलीतल्या बांगड्यांचे कल्ले उघडून बघू लागल्या. मी मागून “पडाल, पडाल” करत होते. आता माझा गुडघा नवा आहे, सून मला उठू देत नाही, आणि मी तिला सासूबाईंचं तेव्हाचं बोलणं ऐकवते: “डॉक्टरानं हाड बसवलान गो, पण चालायचं मलाच हाय. तू बांगडे तळ, मी तवर पडवीत दोन फेऱ्या मारते.”