यंदाचं तेल

न्यूनेनसारख्या डच गावात दिवाळीचा फराळ एकटीने करायचा म्हणजे शिक्षाच. म्हणून आम्ही तिघी-चौघी मराठी बायका आळीपाळीने एकमेकींकडे जमतो. गेल्या दिवाळीत माझ्याकडे चकल्या होत्या. शेजारच्या पॅलेस्टिनी मावशी न बोलावताच आल्या, त्याही बाह्या सरसावून. त्यांच्या गावात ऑलिव्ह उतरवायच्या दिवसांत मदत हवी का असं कुणी विचारत नाही म्हणे. शेजाऱ्याच्या झाडाखाली जाऊन उभं राहायचं. आणि त्याच्यावर भार नको म्हणून आपली रोटी, आपलं तेल आपण न्यायचं. तसं त्यांनीही आणलं होतं. तेल होतं थंड पेयाच्या जुन्या बाटलीत, तळाशी उरलेलं. भावाने गावाहून पाठवलेल्यातलं शेवटचं.

ते गाव मी पाहिलेलं नाही, पण ऐकून ऐकून पाठ झालंय. डोंगरउतारावर दगडी बांध, बांधांवर त्यांच्या आजोबांनी लावलेली झाडं, खाली पावसावरचा गहू. मग मध्ये कुंपण आलं. घरं अलीकडे राहिली, झाडं पलीकडे. सैनिक फाटक उघडतील तेव्हाच पलीकडे जायचं. आणि जमीन काही वर्षं कसली नाही तर ती सरकारजमा होण्याची भीती वेगळीच. म्हणजे जाऊ द्यायचं नाही आणि वर का गेला नाहीत म्हणून विचारायचं! माझं डोकंच फिरतं. ऑफिसात विषय काढला की डच सहकारी "फार गुंतागुंतीचं आहे गं" म्हणत कॉफी आणायला उठतो. आमच्या मराठी ग्रुपवर लिहिलं तर लगेच कुणीतरी, "ताई, इथे पॉलिटिक्स नको हं." अरे, एक फाटक आहे, त्याला कुलूप आहे. यात गुंतागुंत कसली?

त्या आठवड्यात फाटक उघडणार अशी बोलवा होती. मावशींचा म्हातारा भाऊ शिडी घेऊन रोज तिथे जाऊन बसत होता. मावशी चकलीचं पीठ चाळत होत्या आणि दर थोड्या वेळाने फोनकडे बघत होत्या.

मी सिंकपाशी सोऱ्या धूत होते. मागे चर्र झालं. आमच्यातली नवी, पुण्याहून नुकतीच आलेली मैत्रीण भाजणीवर कडकडीत मोहन ओतत होती. ओट्यावर ती बाटली रिकामी.

"अगं, ते कुणाचं तेल होतं!" मी किंचाळलेच.

"मला वाटलं, तू मोहनासाठीच काढून ठेवलंयस."

तिला बोल बोल बोलले. शेवटी मावशीच मध्ये पडल्या. त्यांचं डच माझ्यापेक्षा कितीतरी साफ. "ओरडू नकोस तिच्यावर. फाटक उघडलं की भाऊ नवं पाठवेल."

तेवढ्यात फोन वाजला. भावाचा. मावशी ऐकत राहिल्या, मध्येच काहीतरी विचारलं, मग फोन पालथा ठेवला.

"नाही उघडणार. फळं झाडाखाली सडायला लागलीत."

मैत्रीण रडायला लागली. मावशींनी परात तिच्यापुढे सरकवली आणि मळायची खूण केली. मोहन जास्त झालं होतं, चकल्यांचे तेलात तुकडे पडत होते. एरवी मी फेकून दिले असते. त्या दिवशी झाऱ्याने कण न् कण काढला. निघताना प्रत्येकीने आपापला डबा भरला, मावशींनीही.

पंधरवड्यानंतर मी त्यांच्याकडे गेले तर डबा खिडकीत, तसाच भरलेला. मला वाटलं, आवडल्या नसतील.

"खायच्या नाहीत मला," त्या म्हणाल्या. "वासासाठी ठेवल्यात."

त्यांनी झाकण उघडलं, डबा नाकाशी धरला, मग माझ्यापुढे केला.

"बघ ना. नुसता तुमच्या जिऱ्याचाच वास येतो."