बूटवाल्या बैलांचा पोळा

नागपुरात सक्करदऱ्याच्या तळ्यापलीकडे साहेबलोक जिथे क्रिकेट खेळत, तिथे त्याआधी जयवंताच्या बापाची ज्वारी डोलायची. म्हणजे कसायचा बाप, जमीन मालगुजार वामनरावांची. एकोणीसशे अठरा साली मोठी लढाई संपली आणि इंग्रजांच्या विजयाचा खुद्द इंग्रजांहून जास्त आनंद वामनरावांना झाला. त्या आनंदाच्या भरात त्यांनी अकरा एकर वावर क्लबाला नजर केलं. पुढच्या वर्षी ते रावसाहेब झाले. जयवंताचा बाप काय झाला, हे कुणी विचारलं नाही. तो घरी बसला आणि दोन पावसाळ्यांत गेला.

क्लब मात्र मोठा दयाळू. ज्याचं वावर गेलं, त्याच्याच पोराला त्याच वावरावर रूळ फिरवायला ठेवलं. बापानं जन्मभर जी माती नांगरून मऊ केली, ती पोरानं जन्मभर दाबून टणक करायची. जयवंता विसाव्या वर्षी कामाला लागला आणि बेचाळीस साल उजाडलं तेव्हा त्याच्या मिशा पिकल्या होत्या.

खेळपट्टीवर बावीस पावलं जायचं, वळायचं आणि बावीस पावलं यायचं, असा रूळ ओढायला क्लबाची बैलजोडी होती, मोरा आणि चांद्या. गोऱ्हे होते तेव्हापासून जयवंतानं वाढवलेली. खुरांनी गवत उखडू नये म्हणून साहेबांनी बैलांना चामड्याचे बूट शिवून दिले होते. मोची दोन दिवस बैलांच्या पायांची मापं घेत बसला होता. जयवंता स्वतः अनवाणी. त्याच्या पायांनी गवताला काही होत नाही, असं क्लबाचे सेक्रेटरी कृष्णकांत वकील म्हणत, आणि ते खरंही होतं.

ह्या बुटांनी गावात जयवंताची पार अब्रू घालवली. बापाची जोडी पोळ्याच्या तोरणाखाली उजव्या हाताला तिसरी उभी राहायची. आता गावानं ठरवलं, जो बैल नांगराला जुंपत नाही त्याला तोरणाखाली जागा नाही. शिवाय पोळ्यात झडत्या म्हणायची चाल, एकानं दुसऱ्याला गाण्यातून टोचायची. तिथे दरवर्षी कुणीतरी ओरडायचंच:

‘बैलाच्या पायी बूट गा, धन्याचे पाय उघडे,
वावराचं झालं मैदान, तिथं पेरून राहिले बगळे!’

पांढऱ्या कपड्यांतल्या खेळाडूंना बगळे म्हटलेलं जयवंतालाही मनातून आवडलं होतं, पण हसायची सोय नव्हती. बावीस वर्षं तो पोळ्याला, आधी जुन्या आणि मग ह्या जोडीची शिंगं रंगवायचा, झूल घालायचा, पुरणपोळी चारायचा आणि क्लबाच्या बैलांच्या कोठ्यापाशी एकटा उभा राहून गावातले ढोल ऐकायचा. मरायच्या आधी एकदा बापाच्या जागेवर जोडी उभी करायची, एवढंच त्याला हवं होतं. स्वराज्य वगैरे त्यानं कधी मागितलं नव्हतं.

बेचाळीसच्या ऑगस्टात नागपूर पेटलं. चौक्या जळाल्या, तारा तुटल्या, गोळ्या चालल्या. गावातले दोघे तुरुंगात गेले, तिसरा एक घरी परत आलाच नाही. क्लबाच्या मैदानाच्या कडेला फौजेचे तंबू पडले. महिनाभरानं साहेबांच्या मनात आलं की सगळं शांत आहे हे लोकांना दाखवावं, आणि शांतता दाखवायला साहेबाला क्रिकेटशिवाय दुसरं काही सुचत नाही. फौज विरुद्ध क्लब असा सामना ठरला. खेळपट्टीत अजून टाच रुतत होती, पण शांततेला इतकी घाई झाली होती की खेळपट्टीला वाळायला वेळ देता येईना. दिवस निघाला तो नेमका पोळ्याचा. कृष्णकांत वकिलांच्या ते ध्यानात आलं होतं. पण फौजेच्या मेजरसाहेबासमोर बैलांच्या सणाचं नाव काढायची त्यांना लाज वाटली.

आदल्या संध्याकाळी जयवंतानं रीतीप्रमाणे बैलांचे खांदे शेकले. पळसाच्या पानानं हळद-लोणी चोळलं, बायको रुखमाबाईनं ओवाळलं आणि त्यानं जोडीच्या कानाशी वाकून म्हटलं, ‘आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.’

सकाळी वकील पांढऱ्या पँटीत हजर.

‘काहून गा जयवंता, रूळ अजून जुपला नाही?’

‘आज पोळा हाय, वकीलसाहेब.’

‘मले माहीत आहे. घंटाभर जुप, मंग कर तुझा पोळा.’

‘काल आवतन देल्लं त्याईले. जेवाले बोलावलेल्या पाहुण्याले कामाले जुपू काय?’

‘बैल क्लबाचे आहेत.’

‘बैल क्लबाचे हायेत. आवतन माह्या घरचं हाय.’

वकिलांनी हायकोर्टात भल्याभल्यांना गप्प केलं होतं, पण ह्या मुद्द्यावर त्यांना एकही कलम आठवेना. शेवटी ते म्हणाले, ‘दिवे लागायच्या आत जोडी इथं आणून बांध, अन् उद्यापासून येऊ नको. नाही आणली त पोलीस येतील.’

त्या दिवसांत पोलिसांना घरी यायला कारण लागत नसे. तरी जयवंतानं बैलांचे आठही बूट काढून कोठ्यात ओळीनं मांडले आणि जोडी सोडून घरची वाट धरली.

इकडे मेजरसाहेब बैलांविना पडलेल्या रुळाकडे बघून म्हणाला, क्लबाला सभासद आहेत ना? सभासद होते. दोन वकील, एक डॉक्टर, तीन पेन्शनर आणि मधोमध रावसाहेब वामनराव, अशी जोडी रुळाला लागली. पांढऱ्या पँटींना गुडघ्यापर्यंत काळी माती लागली. मेजरानं मोकळ्या मनानं शाबासकी दिली. ह्या मंडळींनी आयुष्यात प्रथमच त्या जमिनीवर घाम गाळला होता. दुपारी तिसऱ्याच चेंडूला खेळपट्टी दबली, चेंडू भलताच उसळला आणि कृष्णकांत वकिलांचं नाक फुटलं, पण सामना पुरा झाला आणि शांतता सिद्ध झाली.

गावात मात्र तोवर भलतीच बातमी पसरली होती. जयवंतानं इंग्रजाचा रूळ थांबवला, फौजेला नाही म्हटलं. ज्यांनी बावीस वर्षं झडत्या म्हटल्या, तेच आता त्याच्या दारात उभे. हार काय, जयजयकार काय. जयवंता कासावीस होऊन सांगत होता, ‘मी काही केलं नाही गा, पोळा होता म्हणून...’ पण लोकांना ऐकायचं नव्हतं. गावाला एक वीर हवा होता आणि तुरुंगाबाहेर हाच एकटा शिल्लक होता.

संध्याकाळी त्याची जोडी तोरणाखाली उभी राहिली. उजव्या हाताला तिसरी. बिनबुटाची. जयवंता कासरा धरून पुढे उभा. शेजारी रुखमाबाई पदरानं डोळे पुसत होती. तोरण तोडायचा मान मालगुजाराचा. वामनराव आले, सकाळी रूळ ओढून हातांना फोड आलेले, काठी धड धरवेना. पूजा झाली, झडत्या झाल्या, आज बुटांवर एकही नव्हती. दोनदा चुकून तिसऱ्या फटक्याला आंब्याच्या पानांचं तोरण तुटलं.

तोरण तुटलं की जोड्या उधळतात, माणसं आरडाओरडा करत मागे धावतात. सगळ्या उधळल्या. धुळीचा लोट उठला आणि घराघराकडे निघून गेला. मोरा आणि चांद्या तेवढे चालले. शांत, सारखी पावलं टाकत. बावीस पावलं गेले, थांबले, आपसूक वळले आणि बावीस पावलं परत आले. पुन्हा वळले. लोक आधी हसले. मग हसू थांबलं, कारण कासरा धरून चाललेला जयवंताही त्यांच्याबरोबर वळत होता, आणि बैलांच्या अर्धं पाऊल आधी.

चौथ्या वळणाला ते त्याच्या स्वतःच्या ध्यानात आलं. तो तिथेच उभा राहिला आणि कुणाकडे बघावं हे त्याला कळेना. दिवे लागायला फार वेळ नव्हता. रुखमाबाईनं पुढे होऊन त्याच्या हातातून कासरा घेतला.

‘चला,’ ती तिघांनाही म्हणाली, ‘आधी जेवून घ्या.’