मागचं झाकण

बाबांचा प्रिंटर त्यांना माझ्याहून लाडका होता. ऑफिसच्या लिलावातून आणलेलं ते धूड. नव्या प्रिंटरांत जाड कागद वाकतो नि अडकतो. याचं मागचं झाकण उघडलं की पुठ्ठ्यासारखं कार्डही सरळ मागून बाहेर. लखनौतल्या आमच्या मराठी बौद्ध घरांच्या मंगल परिणयाच्या पत्रिका बाबांनीच छापल्या, महानगर मोहल्ल्यातल्या आमच्या घराच्या मागच्या खोलीत.

माझं लग्न ठरलं आणि त्यांना हुक्की आली. आई आदल्या वर्षी गेलेली. तिची वंदनेला नेसायची पांढरी साडी त्यांनी कापली, तुकड्यांना खळ घालून इस्त्री केली आणि एकेक तुकडा जाड कार्डावर चिकटवला. "पत्रिकेतून तुझी मायच जाईल घरोघरी," म्हणाले. आमच्यात नवरीच पांढरी साडी नेसते, त्यांना वावगं काय वाटणार?

माझ्या होणाऱ्या सासूबाई इथल्याच, हिंदी घरातल्या. कोरं कार्ड उलटसुलट करून म्हणाल्या, "शादी का कार्ड है या कफ़न?" मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. आणि राग कुणाचा आला? बाबांचा!

तोंडावर नको म्हणायची हिंमत नव्हती. छापायच्या दिवशी बाबांनी झाकण उघडलं, मशीन चालू केलं आणि आंघोळीला गेले. मी झाकण लावून टाकलं. एक कार्ड अडकेल, ते कंटाळतील, एवढाच माझा हिशोब.

पण बाबा कुठले कंटाळतात! कार्ड अडकलं तसं त्यांनी जोर लावला. आत कडकड वाजलं, जळका वास आला, चाकांचे दाते तुटले. त्यांनी वाकून मशीनच्या मागे पाहिलं.

"अरे! बंदच आहे? मी उघडलं होतं ना गं?"

"नाही उघडलंत. मी इथंच होते."

हजरतगंजचा मेकॅनिक म्हणाला, "अंकलजी, इसका पार्ट अब नहीं आता." प्रिंटर भंगारात गेला. पत्रिका बाजारातून आल्या, लालभडक, सोनेरी. लग्नात बाबा ज्याला त्याला सांगत होते, "मीच विसरलो हो. वय झालं. तिच्या आईची साडी वाया घालवली." मी शेजारीच उभी होते, नटूनथटून. हसले.

तेव्हापासून बाबांचा स्वतःवर भरवसाच उरला नाही. कुलूप चारदा ओढून बघतात. बँकेत एकटे जात नाहीत. डॉक्टर म्हणाले, स्मृती ठणठणीत आहे, वहम आहे नुसता. बाबांना ते पटलं नाही. "झाकण विसरलो होतो ना," म्हणाले.

खरं सांगायला एक वाक्य पुरेल. सात वर्षं झाली, जीभ रेटत नाही. आता सांगितलं तर माझं तोंड बघतील का ते?

परवा माहेरी गेले होते. बाबांनी चहा केला, गॅस बंद केला. माझ्या डोळ्यांदेखत केला. दारापर्यंत आले आणि थांबले.

"गॅस बंद केला ना गं मी?"

मला उशीर होत होता, ऑटो खाली उभी होती.

"एकदा बघून घ्या, बाबा," मी म्हणाले.