न उमटणारे अंगठे

खताच्या दुकानातल्या मावशीला लोक 'तराजू' म्हणत, तेही तिच्या तोंडावर. ती कुणाला मूठभर जास्त द्यायची नाही आणि कुणाचं मूठभर कमी करायची नाही. तिचा नवरा त्याच दुकानात हमाल होता. त्याची पाठ कामातून गेली तेव्हा ती झाडलोटीला लागली आणि एकोणीस वर्षांत काउंटरपर्यंत पोचली. कोणत्या पिकाला कोणतं खत, कधी आणि किती, हे तिला पाठ होतं. कुणी विचारलं तर सांगायची, नाही विचारलं तरी सांगायची.

त्या वर्षी खताचे भाव असे चढले की गोणीवरचा आकडा वाचून माणसं दोन पावलं मागे सरायची. मग सरकारनं लहान शेतकऱ्यांसाठी सवलत काढली. निम्म्या किमतीत चार गोण्या, उरलेले पैसे सरकार भरणार. अट एकच: दुकानातल्या मशीनवर शेतकऱ्याचा अंगठा जुळला पाहिजे.

पहिल्या सकाळी दुकानापुढे रांग लागली. मशीन तळहाताएवढं, वर काचेचा तुकडा. हिरवा दिवा लागला तर गोणी, लाल लागला तर हात हलवत परत. पहिला अंगठा लाल. दुसरा लाल. तिसरा आला तो पांढऱ्या शर्टवाला. त्याची जमीन धाकटा भाऊ कसायचा, हा नुसता कागदावरचा मालक. त्याचा दिवा झटकन हिरवा!

मागं विहिरी खणणारे आजोबा उभे होते. विहिरी खणून झाल्या की उरलेल्या वेळात स्वतःचं दीड एकर कसायचे. त्यांचाही अंगठा लाल आला.

"अगं, मीच तो," आजोबा म्हणाले. "मशीनला पटत नसेल तर माझ्या बायकोला विचार. तिला चांगलं माहीत आहे."

रांग हसली, पण मावशी हसली नाही. तिनं आजोबांचा हात हातात घेतला आणि उजेडाकडं धरला. अंगठा धुणं धुवायच्या दगडासारखा गुळगुळीत, रेघ म्हणून नाही. पुढच्या बाईचा पाहिला, तोही तसाच. ज्यांनी जन्मभर माती उपसली त्यांचेच ठसे पुसले गेले होते.

मावशीला आठवलं, नाव नोंदवताना दहाही बोटं घेतली होती. मग अंगठ्याचाच हट्ट कशाला? खुरप्याच्या आणि फावड्याच्या कामात सगळ्यांत कमी राबते ती डाव्या हाताची करंगळी. तिनं त्या बाईचे हात कोमट पाण्यानं धुववले, कोरडे केले आणि करंगळी काचेवर ठेवली.

हिरवा!

त्या दिवसापासून मावशी सगळ्यांना सांगू लागली, "यायच्या आधी दोन दिवस हातांना तेल लावा, भांडी घासू नका."

"मग भांडी कोण घासणार?" एका वहिनींनी विचारलं.

"ज्याचा अंगठा उमटतो तो!"

यावर बायका इतक्या हसल्या की शेजारचा सायकलवाला बाहेर येऊन बघून गेला.

आजोबांचं मात्र दहातलं एकही बोट लागेना. मावशीनं भिंतीवर चिकटवलेला नियमांचा कागद चष्मा लावून शेवटपर्यंत वाचला. एवढ्या बारीक अक्षरांच्या वाटेला आजवर कुणी गेलं नव्हतं. तळाशी लिहिलं होतं: ठसा लागत नसेल तर दोन शेजाऱ्यांची साक्ष आणि दुकानाचा शिक्का चालेल. तिनं साक्षी घेतल्या, शिक्का मारला आणि आजोबांना त्यांच्या चार गोण्या दिल्या.

महिन्याभरात तपासणीचे साहेब आले, हातात मशीनमधून काढलेली यादी.

"बाई, या दुकानात निम्मे लोक करंगळी लावतात. एकाच्या नावापुढं तर बोटच नाही, नुसता शिक्का. खोट्या नावांवर माल काढताय का?"

मावशीनं चष्मा काढून काउंटरवर ठेवला. "साहेब, यादीतली कुठलीही पाच नावं काढा. उद्या सकाळी त्यांच्या शेतावर जाऊ. गोण्या तुम्ही शोधा, मी तोंड उघडणार नाही."

साहेबांनी पाच नावं काढली. चार करंगळीवाल्यांची, आणि ताडून बघायला एक अंगठ्यावाल्याचं. तो निघाला पांढऱ्या शर्टवाला.

सकाळी दोघं बांधाबांधानं चालली. चारही शेतांत खत पडलेलं, रिकाम्या गोण्या घडी करून ठेवलेल्या. पाचव्या शेतात धाकटा भाऊ एकटाच राबत होता.

"खत कुठाय?" साहेबांनी विचारलं.

"कसलं खत?" तो म्हणाला. "दादानं सांगितलं, यंदा मिळालं नाही."

दादानं चारही गोण्या बाजारात पूर्ण भावानं विकल्या होत्या. साहेबांनी यादीत त्या नावापुढं खूण केली. परतताना ते आपणहून आजोबांच्या विहिरीकडं वळले. आजोबा खालून वर आले, मातीचा हात पुढं केला. साहेबांनी तो धरला, उलटा करून पाहिला, आणि म्हणाले, "आजोबा, चुकलो मी."

पंधरा दिवसांत वरून पत्र आलं. कुठलंही बोट चालेल, साक्षीचा नियम मोठ्या अक्षरांत लावायचा, आणि जो जमीन कसतो त्याचंही नाव यादीत घ्यायचं. धाकट्याचं नाव चढलं. थोरल्याला गोण्यांचे पैसे भरावे लागले.

पुढच्या हंगामाआधी आसपासच्या बारा दुकानांनी मावशीला शिकवायला बोलावलं. "येते," ती म्हणाली, "पण बसभाडं आधी द्या आणि बसायला खुर्ची ठेवा." बाराही दुकानांनी दोन्ही गोष्टी मान्य केल्या, आणि पहिल्या दुकानात तर तिच्यासाठी गादीची खुर्ची होती.