फुकट प्रवासी

माझ्या आईनं आयुष्यात कुणाचं काही फुकट घेतलं नाही, आणि कोर्टाच्या निकालात ती 'फुकट प्रवासी' ठरली. ते दोन शब्द आठवले की अजून माझं डोकं फिरतं.

गंगापूर गावाच्या पुढे आमचं झेंडूचं वावर. आई रोज पहाटे शेजारच्या दादांच्या टेम्पोतून फुलबाजारात जायची. जाताना क्रेटमागे भाडं असायचं. येताना मात्र रिकाम्या क्रेटांशेजारी बसून तशीच यायची. परतीचं भाडं आमच्याकडे कुणी घेत नाही. आई निघण्याआधी टेम्पोला स्वतः ओवलेला हार घालायची. तिचा रोजचा नेम होता तो.

अशाच एका परतीच्या फेरीत वळणावर टेम्पो उलटला आणि आईच्या गुडघ्याचा चुरा झाला. पहिल्या ऑपरेशनात होतं नव्हतं ते गेलं. सांधा बदलायचा राहिला, तो भरपाई मिळाली तरच होणार होता. टेम्पोचा विमा होता, म्हणून आम्ही निर्धास्त होतो. मग आमच्या वकिलांनी कायदा समजावला. मालवाहू गाडीत स्वतःच्या मालाबरोबर बसलेल्या माणसाची जबाबदारी विमा कंपनीवर येते, नुसत्याच बसलेल्याची, म्हणजे 'फुकट प्रवाशा'ची, येत नाही.

"मावशी, क्रेटमध्ये थोडीफार फुलं उरली असतील ना?" त्यांनी कोर्टाबाहेर दोनदा विचारलं. आईनं 'हो' म्हणावं म्हणून मी देवाला हात जोडून उभी होते.

आत कंपनीच्या वकिलांनीही तेच विचारलं. आई कुबडीवर रेलून म्हणाली, "नाय साहेब, क्रेट रिकामे होते. उरलेलं फूल आम्ही घरी नेत नाय. देवीच्या पायरीवर वाहून येतो."

झालं! कंपनी सुटली. भरपाई टेम्पोमालकाकडून घ्या, असा निकाल लागला. दादांचा टेम्पो तर भंगारात गेलेला. आई म्हणाली, "त्याच्या दारात पैशाला जायचं नाय." ऑपरेशनचा विषय तिथंच संपला.

मी तिच्यावर फार चिडले. "आठवत नाही, एवढं तरी म्हणायचंस!" असं ओरडलेसुद्धा. ती म्हणाली, "पण फुकट कशी गं? हार देत होते की मी." हे तिला कोर्टात कुणी विचारलंच नव्हतं, मीही नाही. त्या दिवशी मी खूप रडले.

आता तिला दवाखान्यात, मी पगारावर चालवते त्या गाडीतून नेते. भिंत धरत, पाय ओढत ती बाहेर येते. मी दार उघडून उभी असते, पण ती आधी गाडीच्या पुढच्या बाजूला जाते, पदराखालचा हार काढून बाहेरच्या आरशाला अडकवते आणि मगच आत बसते.

"कुणी इचारलं तर सांग," ती म्हणते, "हार दिलाय म्हणावं."