घटस्फोटानंतरची सासू

नोएमीचा अन्सेल्मोशी घटस्फोट झाला, तेव्हा लास क्रूसेस गावातल्या नातेवाइकांनी आपापली बाजू निवडली. सासू एदुविहेस मात्र दर रविवारी चर्च सुटलं की नोएमीच्याच दारात येऊन बसायची. "नवरा तू सोडलास. मी कुठे सोडलंय तुला?" म्हणायची आणि कॉफीत आणखी साखर घालायला लावायची.

म्हणून डॉक्टरांनी हात टेकले, तेव्हा म्हातारीनं शेवटचे दिवस काढायला नोएमीचंच घर सांगितलं. अन्सेल्मो फिनिक्सला, दुसऱ्या संसारात. तो फोनवर "बरं" म्हणाला.

अखेरच्या दिवसांत घरी येऊन काळजी घेणाऱ्या हॉस्पिसची नर्स ग्रिसेल्दा आली, तशी म्हातारी बिथरली. तिच्या स्पॅनिशमध्ये 'हॉस्पिस'सारखा शब्द बेवारशांच्या आश्रमाचा. "पोरी, आश्रमात टाकतेस मला?"

"तुम्ही कुठे जाताय, सासूबाई! याच येणार इथे. आता तुमचे टोमणे मला एकटीला नकोत."

ग्रिसेल्दानं नोएमीला विचारलं, "तुम्ही यांच्या कोण?"

"सून," म्हातारीच म्हणाली. "मुलाला दिलं घालवून, हिला ठेवून घेतलं."

पुढे म्हातारीचं बोलणं कमी होत गेलं. सकाळी नोएमीचं शाळेच्या स्वयंपाकघरातलं काम, तेवढा वेळ शेजारीण बसे. दुपारपासून कूस बदलणं, अंग पुसणं, जिभेखाली मॉर्फिनचे थेंब. नोएमीचे हात चालत राहिले. आपल्याला वाईट वाटत नाही, याचंही तिला काही वाटेना.

अन्सेल्मो आला आणि आल्या आल्या तडकला. "आईला उपाशी मारतेस?"

"तिला गिळता येत नाही आता. ग्रिसेल्दा सांगून गेलीय."

"माझ्या हातचं खाईल ती."

त्यानं कोंबडीचं सूप गरम केलं, चमचा ओठाशी नेला. म्हातारीला ठसका लागला, चेहरा जांभळा पडला. नोएमीनं तिला कुशीवर वळवलं, तोंड पुसलं. अन्सेल्मो वाटी घेऊन तसाच उभा. मग अंगणात गेला आणि बराच वेळ आत आलाच नाही. नोएमीनं त्याची वाटी घासून ठेवली.

एदुविहेस दोन दिवसांनी दुपारी गेली. नोएमी पलंगाशेजारी टॉवेलांच्या घड्या घालत होती. श्वास थांबलेला तिला कळला. हातातली घडी पुरी करून तिनं अन्सेल्मोला हाक मारली.

अंत्यविधीआधी जपमाळेवर म्हणायच्या रोझरीच्या प्रार्थनेला लोक रांगेनं अन्सेल्मोला मिठी मारत होते. तो हमसून रडत होता. नोएमी मक्याचे वाफवलेले तामाले वाढत होती. तिच्यापाशी आलेले जरा घुटमळत आणि "तामाले छान झालेत" म्हणून पुढे सरकत. तिलाही ते सोयीचं वाटलं.

काही आठवड्यांनी ग्रिसेल्दाचा फोन आला. माणूस गेल्यावर घरच्यांची चौकशी करायचा हॉस्पिसचा रिवाजच होता.

"रडायला आलं का?"

"नाही."

"येईल."

"आलं तर आलं," नोएमी म्हणाली. शाळेतल्या मोठ्या पातेल्यात राजमा उतू चालला होता. तिनं फोन ठेवला आणि आच कमी केली.